साप पाळायचाय? आधी सांगा, तो आला कुठून?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा वळवळणारा आहे: घरात पाळलेला साप.

गेले काही महिने बरेच जण एकच प्रश्न विचारतायत. "बॉल पायथन घ्यायचाय. इन्स्टावर विकणारा म्हणतो बिनविषारी आहे, एकदम लीगल आहे. घेऊ का?" मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, वकील नाही. पण नियम वाचायला बसलो आणि एक भारी गंमत सापडली.

आमच्या टीममधला एक जण ब्रिस्बेनला असतो. त्याच्या घरी कार्पेट पायथन आहे, तिथलाच देशी अजगर, राज्य सरकारचं लायसन्स काढून ठेवलेला. त्याला विचारलं, कॉर्न स्नेक का नाही घेतलास? म्हणाला, तो तर बेकायदेशीर आहे. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, बिनविषारी आणि शांत. तरी ऑस्ट्रेलियात बंद. तिथे आयातीला व्हाइटलिस्ट आहे. यादीत नाव असेल तोच प्राणी आत येणार.

आता आपल्याकडे बघा, बरोबर उलटं. नाग, धामण, अजगर, आपला कुठलाही रानातला साप घरी ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. अजगर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास, वर दंड. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजा व्हायची, तीसुद्धा उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. पण आफ्रिकेतला बॉल पायथन? नोंदणी करून ठेवता येतो.

मग कोणाचं बरोबर? माझ्या मते दोन्ही कायदे एकच प्रश्न विचारतात: हा साप आला कुठून? आपल्याकडे कोणाच्या घरी धामण असेल तर ती रानातूनच उचललेली असणार. ऑस्ट्रेलियात कोणाच्या घरी कॉर्न स्नेक असेल तर तो स्मगलिंगचा, किंवा स्मगलिंगच्या सापाचं पिल्लू. विषारी आहे की नाही, हा मुद्दा नंतरचा.

आणि ऑस्ट्रेलिया एवढा घाबरतो का? ग्रॅन कॅनरिया बेटावर मुळात साप नव्हतेच. पाळलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले आणि वाढले. जिथे जिथे ते पसरले, तिथे त्या बेटावरचे मोठे सरडे दिसेनासे झाले. फ्लोरिडातला बर्मीज पायथन तर आपल्या ईशान्येकडेही सापडतो. तिकडे तो पाळीव प्राण्यांच्या धंद्यातून पोहोचला. २०१२ साली आलेल्या एका अभ्यासानुसार एव्हरग्लेड्समध्ये रकून दिसण्याचं प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांनी घटलं होतं. बिनविषारी सापाने केलेलं काम आहे हे!

आता त्या इन्स्टावाल्याकडे वळू. "लीगल आहे" हे अर्धं वाक्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळी अनुसूची आली. बॉल पायथन तिच्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीच होते, त्यांना परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले. नवीन घेतला तर ३० दिवसांत नोंद करायची. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं.

कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. म्हणून विकणारे म्हणतात, "याला कागद लागत नाहीत." नोंदणीचा नियम लागू नसला तरी परदेशातून आणायला आयातीचा परवाना लागतोच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. पाकिटात कोंबून आणलेल्या सापांपैकी किती जगत असतील, याचा विचार करा.

म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. आयातीचा कागद कुठाय, निदान याच्या आईबापाचा? तुमच्या नावावर नोंदणी आहे का? माझ्या नावावर ट्रान्सफर कशी करणार? तो "भाई, टेन्शन नको" म्हणाला की फोन ठेवा.

आणि कागद अगदी चोख असले तरी थोडं थांबा. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. आज तुम्ही बावीसचे असाल तर लग्न, नोकरी, बदली, भाड्याची चार घरं, सगळीकडे तो सोबत. पिंजऱ्यात गरम कोपरा हवा, हवेत दमटपणा हवा, खायला उंदीर हवेत, तेही आईच्या फ्रीजमध्ये! त्यात सापावर उपचार करणारा डॉक्टर शोधणं ही वेगळीच कसरत.

माझं उत्तर विचाराल तर, घेऊ नका. सापांचं वेड असेल तर जवळच्या अनुभवी सर्पमित्राकडून देशी साप ओळखायला शिका. ते ज्ञान शेतावर, सोसायटीत, कुठेही कोणाचा तरी जीव वाचवेल. सापाचाही.

आणि ज्यांच्याकडे आधीच परदेशी साप आहे, त्यांना हात जोडून सांगतो: कंटाळा आला किंवा भीती वाटली, तरी टेकडीवर, नदीकाठी सोडू नका. वन विभागाला फोन करा. सोडलेला साप एकतर हाल होऊन मरतो, नाहीतर जगतो आणि वाढतो. दुसरं जास्त वाईट.

एपिसोड त्या एका मित्राला पाठवा, जो रात्री दोनला बॉल पायथनचे रील्स बघत असतो. तुम्हाला माहितीये कोण ते. भेटू पुढच्या भागात!