एका खर्जाचे अनेक कंठ

मैफलींत तंबोऱ्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाहीं. परंतु तो क्षणभर थांबला, तर गवयाच्या पायांखालची बैठकच कोणीं ओढून घेतल्यासारखें वाटतें. पाश्चात्य नृत्यसंगीतांत हें स्थान बास या मंद्र स्वराच्या वाद्याचें आहे. भेद इतकाच, कीं तंबोरा षड्जावर स्थिर असतो, आणि बास स्वरसंघांचा पाया दाखवीत तालाच्या संगतीनें चालत राहतो.

पूर्वीं हें काम पुरुषाहून उंच असा लांकडी डबल बास करीत असे. तुताऱ्या व ढोल यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडे, आणि प्रवासांत तो नेणें हें एक संकटच असे. सिॲटलच्या पॉल टुटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारा, गिटारप्रमाणें आडवा धरावयाचा बास बनविला. पण तो रूढ झाला नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बास’ काढला. त्याच्या दांडीवर सतारीसारखे धातूचे पडदे असल्यामुळें स्वर नेमका मिळे; ‘प्रिसिजन’ या नांवाचें मर्म तेंच.

या वाद्याच्या चार तारांपैकीं सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. तारेखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. कंपनामुळें वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व तो ध्वनिवर्धकांत मोठा होतो. मात्र कोणतीही तार एकच स्वर बोलत नाहीं. मूलस्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. घोडीजवळ छेडली तर उपस्वर प्रबळ होऊन आवाज धारदार होतो. दांडीकडे सरकलें, कीं तो भरदार व गोल होतो. आवाजाची सारी विविधता या एका नियमांतून फुलली आहे.

डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेंत जेम्स जेमर्सन हे गुळगुळीत वेटणीच्या जुन्या तारा वाजवीत. त्या बदलण्यास ते राजी नसत, आणि बहुतेक सर्व काम एका तर्जनीनें करीत. त्यांचा स्वर मऊ, उबदार व भारदस्त. लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांत कॅरल के या बाईंनीं नखीनें छेडून त्याच जातीच्या वाद्यांतून ठसठशीत टणत्कार काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत आईसह वाजवीत असतां लॅरी ग्रॅहम यांना ढोलवादकाची साथ उरली नाहीं. तेव्हां अंगठ्यानें तार ठोकून व बोटानें ती उपटून त्यांनीं तालाची उणीव भरून काढली, आणि त्या गरजेंतून फंक संगीताची एक शैलीच जन्मली. जमेकांत ॲस्टन बॅरेट यांनीं वरचे उपस्वर जवळजवळ मिटवून रेगे संगीतास भूमीसारखा खोल स्वर दिला. जॅको पास्टोरियस यांनीं पडदे काढलेल्या बासच्या खांचा बुजवून त्यावर नौकांना लावतात तें कठीण रोगण चढविलें. १९७६ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेंत तोच बास सरोदाप्रमाणें मींड घेत गाऊं लागला.

यांपैकीं जेमर्सन, के व पास्टोरियस यांचीं वाद्यें एकाच कारखान्याचीं होतीं. मग भेद कोठें? तारेंत थोडा, विजेंत थोडा. परंतु मुख्यतः हातांत व त्या हातास सांगणाऱ्या कानांत.

असे हात मात्र दीर्घकाळ निनांवी राहिले. जेमर्सन यांनीं वाजविलेलीं गाणीं घरोघर पोंचलीं, पण मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांचीं नांवें छापण्याची रीत नव्हती. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर त्यांचें नांव आलें. अखेरच्या दिवसांत त्यांचा आवडता बास चोरीस गेला. १९८३ सालीं ते वारले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्यें त्यांना स्थान मिळालें तें २००० सालीं.

घरांतील लहान रेडिओस सर्वांत खालचा मूलस्वर नीटसा उमटवितां येत नाहीं. तरीही उपस्वरांवरून श्रोत्याचा कान तो आपोआप भरून घेतो. न उमटलेल्या स्वराशीं कान इतका उदार असतो. पुढील वेळीं एखादें गाणें लागेल, तेव्हां गायकाच्या आवाजाखालीं चालणाऱ्या त्या हाताकडेही त्यानें थोडें लक्ष द्यावें.