अडलेले इंजिन



मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मग इंजिनावर बोलायला याला कोणी बोलावले, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही मनात आले होते. या विषयात माझी योग्यता एवढीच की, एक चांगले चालते इंजिन मी माझ्या देखत मोडू दिले आहे. तीच हकीकत आधी सांगतो. पुढचे सगळे त्यातूनच निघेल.

काही वर्षांपूर्वी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. गावात संध्याकाळी वीज जाई. तेव्हा गावातल्या एका शेतकऱ्याने आपला लहान जनरेटर आम्हाला दिला. दोन माणसांनी उचलावा एवढाच. वर पेट्रोलची टाकी, बाजूला ओढायची दोरी. मुलांनी तो बंडीत घालून आणला. रस्ता दगडधोंड्यांचा. जनरेटर वाटेत आडवा झाला होता आणि पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला होता. पण हे आम्हाला मागाहून कळले.

संध्याकाळी दोरी ओढली तर हालेना. एकाने ओढली, दुसऱ्याने ओढली, मग तिघांनी मिळून ओढली. दोरी तुटली. मी बाजूला उभा राहून ‘जोर लावा’ म्हणत होतो. मग एका धट्ट्याकट्ट्या मुलाने झाकण खोलले, आतल्या चाकाच्या पात्यांत लोखंडी पाईप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. ‘कट्’ असा आवाज झाला. चाक फिरले नाही. चाकाचे पाते तुटले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी कोणताही जोर केला नाही. प्लग काढला आणि चाक हाताने हळूच फिरवले. प्लगच्या भोकातून पेट्रोल आणि ऑईल यांची पिचकारी उडाली, आणि चाक मोकळे फिरू लागले. मिस्त्री म्हणाले, “सर, हे जाम झालंच नव्हतं. भरलं होतं. जरा प्लग काढून पाह्यला असता, तं काई बिघडलं नसतं.”

नवे चाक मी आणून दिले, तो खर्च गेला. पण त्या शेतकऱ्याचे एक वाक्य माझ्या मनात राहिले आहे. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “मे महिन्यात पोरीचं लगीन आहे सर, तोवर होईल ना दुरुस्त?”

म्हणून आजचा विषय. इंजिन अडले तर काय करावे आणि, त्याहून महत्त्वाचे, काय करू नये.

इंजिन अडते म्हणजे आत काय होते? नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, पिस्टन खालीवर होतो. दोघांमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. त्या फटीत वंगणाचा पातळ थर असतो, आणि त्या थरावर सगळा संसार चाललेला असतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो. घासला की तापतो, आणि तापला की फुगतो.

हे आपल्याला नवे नाही. बैलबंडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, तेव्हा ती तापवून लाल करतो. तापली की ती फुगते आणि लाकडी चाकावर सैल बसते; वर पाणी ओतले की आवळून धरते. इंजिनात हाच खेळ उलटा होतो. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा, आणि ज्यात तो फिरतो ते नळकांडे बहुधा बिडाचे. ॲल्युमिनियम हे बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. साठ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन नेहमीपेक्षा शंभर अंश अधिक तापला, तर तो सुमारे चौदा शतांश मिलिमीटर वाढतो. बिडाचे नळकांडे तेवढेच तापले तरी वाढते सातच शतांश. म्हणजे फट सात शतांशांनी कमी झाली. मुळात होती तीच तेवढी! पिस्टन नळकांड्याला धरून बसतो. वर आपल्याकडचा वैशाखातला उन्हाळा, आणि ही लहान इंजिने हवेवर थंड होणारी. लग्नाच्या मांडवामागे, ताडपत्रीच्या आडोशाला, बंद जागेत ठेवलेल्या जनरेटरला श्वास घ्यायलासुद्धा जागा नसते.

तर जनरेटर अडला की पहिली गोष्ट, दोरी सोडून द्या. कॉक बंद करा, प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, आणि इंजिन गरम असेल तर पूर्ण थंड होऊ द्या. पुष्कळदा तापून नुकतेच धरू लागलेले इंजिन थंड झाल्यावर आपोआप सुटते. पण सुटले म्हणून लगेच चालू करू नका. का धरले होते ते आधी शोधा.

दुसरी गोष्ट, अडले आहे ते इंजिनच का? दोरीची चकती असते ना, तिच्यातली स्प्रिंग किंवा दातेही अडकतात. दोन-तीन बोल्ट काढले की दोरीचा सगळा भाग सुटून येतो. आता चाकाच्या मधल्या नटावर पाना लावून हलके फिरवून पाहा. फिरले, तर दोष दोरीच्या भागात आहे. दुसरे असे की, लहान जनरेटरमध्ये वीज तयार करणारा फिरता भाग इंजिनाच्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्याचे बेअरिंग गंजले किंवा उंदराने तिथे चिंध्यांचे घर केले, तरी इंजिनच अडल्यासारखे वाटते.

तिसरी गोष्ट, प्लग काढा. आमच्या शिबिरात हेच राहिले होते. हवा दाबली जाते. पेट्रोल, ऑईल किंवा पाणी दाबले जात नाही. नळकांड्यात ते साचले असेल तर तीन पैलवानांनी ओढूनही पिस्टन वर जाणार नाही. फार जोर केला तर आतला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकेल. प्लग काढल्यावर चाक फिरले, तर सगळे बाहेर येऊ द्या. मात्र जवळ विडी, चूल, दिवा असे काही नको, आणि तोंड त्या भोकासमोर नको. नंतर जुने ऑईल बदलाच, कारण पेट्रोल खाली उतरून त्यात मिसळलेले असते.

चौथी गोष्ट, ऑईल मोजण्याची काडी काढून नीट पाहा. वैद्य जीभ पाहतो तशी. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल उतरले. दुधाळ रंग, म्हणजे पाणी शिरले. काडी कोरडी, म्हणजे तापून धरले. आणि ऑईलमध्ये चांदीसारखा चमचमता चुरा दिसला, तर आत धातू झिजला आहे. मग घरी काही करू नका.

प्लग काढूनही चाक हालत नाही, इंजिन मात्र नुसते पावसाळाभर पडून होते, अशी स्थिती असेल तर बहुधा गंज आहे. हा रोग बरा होणारा आहे, पण औषध आहे धीर. डिझेल आणि इंजिन ऑईल सारखे मिसळून प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे आत सोडा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस मुरू द्या. मधून मधून थोडे घालत राहा. रोज नटावर पाना लावून आवळण्याच्या दिशेने हलका ताण द्या. उलट दिशेने फिरवायचे झाल्यास पाना न लावता चाकच हाताने धरा, नाहीतर नट सुटेल. केसभर हालले की जिंकलात. पुढे-मागे, पुढे-मागे करीत वाट मोकळी करा. चाकावर हातोडा मारू नका, पात्यांत पहार घालू नका, आणि प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टन ठोकू नका. सुटल्यावर आतले तेल बाहेर काढा, नवे ऑईल भरा, पंधरावीस मिनिटे कोणताही दिवा न लावता चालवा आणि ते ऑईल पुन्हा बदला.

वंगणाअभावी धरलेले इंजिन मात्र मिस्त्रीकडेच न्यावे. या लहान इंजिनांपैकी पुष्कळांत ऑईलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानशी पळी असते. ती ऑईलमध्ये बुडते आणि सगळीकडे शिंतोडे उडवते. ऑईल बोटभर कमी झाले, किंवा जनरेटर उतारावर ठेवला, की पळी कोरडी फिरते. मग ॲल्युमिनियमचा रॉड पोलादी दांड्याला चिकटतो. असे इंजिन खोलावे लागते. नळकांड्याला बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा, नवा रॉड. खर्चाचा आकडा आधी विचारून घ्या; कधी कधी नवे इंजिन बरे पडते.

बऱ्याच जनरेटरांत ऑईल कमी झाले की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते. पण ऐन कार्यक्रमात ते बंद पडते, लोक वैतागतात, आणि कोणीतरी हुशार माणूस त्या सोयीची वायरच काढून टाकतो. इंजिन सुरू होते, सगळे त्याला शाबासकी देतात, आणि तासाभराने ते कायमचे बसते. जागल्याने हाक मारली म्हणून जागल्याचेच तोंड बांधावे, तसा हा प्रकार आहे.

आता जिवाच्या दोन गोष्टी. जनरेटर खोलीत, पडवीत, शाळेच्या वर्गात चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणूस नेतो. दुसरे, जनरेटरची वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज देऊ नका. ती वीज उलटी तारेवर चढते, आणि वीज गेली आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेते. त्यासाठी जाणत्या माणसाकडून बदलाचा स्विच बसवून घ्यावा.

राहता राहिली रोजची निगा. चालू करण्याआधी दरवेळी, सपाट जागेवर, ऑईल पाहा. नव्या इंजिनाचे पहिले ऑईल सुमारे वीस तासांनी, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. कंपनीच्या पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर ते खरे माना. नेताना कॉक बंद आणि जनरेटर उभा. महिन्यातून एकदा वीस मिनिटे चालवा. मृगाआधी ठेवून द्यायचा असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडा, प्लग लावा आणि दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून तिथेच थांबवा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दमट हवा आत शिरत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. शाळेत असा जनरेटर असेल, तर त्याच्याजवळ एक वही दोरीने बांधून ठेवा. कोणत्या तारखेला किती तास चालला, ऑईल केव्हा बदलले, हे मुलांकडून लिहून घ्या. उष्णतेने धातू फुगतो आणि द्रव दाबला जात नाही, हे धडे त्या वहीपाशी जेवढे समजतील तेवढे फळ्यावर समजणार नाहीत.

महाराष्ट्राच्या शेतीला इंजिन नवे नाही. १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. हँडल मारून इंजिन सुरू करणारी पिढी आधी दाब सोडण्याची कळ उचलत असे, चाकाला वेग आला की मगच ती खाली पाडत असे. जोर केव्हा लावायचा आणि केव्हा नाही, हे त्या लोकांच्या हाताला ठाऊक होते. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. १९९४ साली त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षांचे काम ते काही ताकदीने झाले नाही. तेलाची बुधली हातात घेऊन कुणीतरी रोज त्याच्याभोवती फिरले, म्हणून झाले.

त्या शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न मे महिन्यात झाले. मी गेलो होतो. मांडवामागे तोच जनरेटर चालू होता. मी पंगतीला बसण्याआधी मागे गेलो. नवे चाक नीट फिरत होते, भोवती जागा मोकळी सोडली होती, आणि ऑईलचा डबा शेजारीच ठेवला होता. मग जेवण गोड लागले.