दम लागणे आणि अंगावरून वारे जाणे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. आरोग्य सेवक म्हणून उभी नोकरी वाड्यावस्त्या फिरण्यात गेली, तेवढीच आमची शिदोरी. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, आमच्या घरात जे घडले तेच सांगू. ते सांगताना थोडी लाजही वाटते, पण सांगणे भाग आहे.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट होती. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर फिरत होता. आमच्या मायच्या बोटाला लावला, आकडा आला ८६. निरोगी माणसाचा तो ९५ ते १०० असतो. घरात रडारड सुरू झाली. तपासणी केली तर करोना नाही. ताप नाही, काही नाही, माय आपली बाजेवर बसून लसूण सोलतेय. आठ दिवसांनी पुन्हा ८६, महिन्याने ८७. मग आम्हीच ठरवून टाकले, की यंत्र खराब असेल, नाहीतर वय झाले. खरे म्हणजे चार-पाच वर्षांपासून माय विहाराच्या पायऱ्या मध्ये थांबून चढत होती. आनापानाला बसली की खोकल्याने तिचे चित्त कधी लागले नाही. गावाचे आरोग्य पाहणाऱ्या आम्हांस हे दिसले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मायने जन्मात बिडी ओढली नाही. पण चुलीपुढे तिची पन्नास वर्षे गेली. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात ओली लाकडे आणि फुंकणी. ऊसतोडीला गेले की कारखान्याच्या फडावर पाचटाची कोपी आणि तीन दगडांची चूल. २०१७ ला गॅस आला, तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स या इंग्लंडच्या डॉक्टरांबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आवळण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, हे त्यांनी मांडले. तेव्हा जगात बिडी-सिगारेट ओढणारे सुमारे १०० कोटी होते, तर लाकूड-गोवरीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. आपल्या आया त्या ३०० कोटींतल्या. या आजाराला सीओपीडी म्हणतात. आपण सरसकट ‘दमा’ म्हणून मोकळे होतो.

आता दम छातीत, आणि वारे जाते ते मेंदूत. यांचा संबंध काय? आम्हांलाही तो उशिराच कळला.

रक्तात प्राणवायू कमी आहे हे आधी मूत्रपिंडाला कळते. ते हाडांतल्या मगजाला निरोप धाडते, की तांबड्या पेशी वाढवा. हमाल कमी ओझे नेतात म्हणून हमालच वाढवायचे, तसा प्रकार. काही दिवस हे उपयोगी पडते. पण वर्षानुवर्षे असेच चालले तर काहींचे रक्त घट्ट होते, सावकाश वाहते आणि गाठ धरायला टपलेले असते. दुसरीकडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ठोके कधी कधी वेडेवाकडे पडू लागतात. अशा वेड्यावाकड्या ठोक्यांत हृदयात गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूच्या वाहिनीत अडकली, की त्यालाच आपण ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतो.

इथे मायची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२१ च्या दिवाळीत तिचे रक्त तपासले, हिमोग्लोबिन १८ निघाले. आपल्या भागात बायांचे ८-९ निघते, त्यामुळे तपासणाराही कौतुकाने म्हणाला, “आजीचं रक्त लई भारी!” आम्ही घरी येऊन चारचौघांत सांगितले. ते रक्त भारी नव्हते, घट्ट झाले होते. शरीर ओरडून सांगत होते आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी भाकरी थापताना मायचा उजवा हात खाली पडला. तोंड वाकडे झाले, बोलायला गेली तर शब्द निघेना. भावकीतल्या मोठ्या माणसांनी सांगितले, अमुक गावाला वाऱ्याचे औषध देतात, तिथे न्या. नेले. तिथून बीडला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही हे पाहून. ती वेळ गेली होती. मायचा उजवा हात परत आला नाही. अडीच वर्षे ती डाव्या हाताने जेवली.

सगळा दोष प्राणवायूचा, असे आम्ही म्हणणार नाही. तिला रक्तदाबही होता, गोळ्या ती एक दिवस घ्यायची, दोन दिवस विसरायची. सीओपीडीवाल्यांत पक्षाघात जास्त दिसतो, पण त्यांतले पुष्कळ जण बिडीवालेही असतात. तरी २०१६ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत दिसले, की अशा रुग्णाचा दम एकाएकी वाढून प्रकृती गंभीर झाली, की पुढच्या काही आठवड्यांत पक्षाघाताची शक्यता कित्येक पटींनी वाढते. आणि लेह-सियाचीनसारख्या उंचीवर, जिथे हवाच विरळ, तिथे दीर्घकाळ राहिलेल्या धडधाकट तरुण जवानांतही गुठळ्या आणि पक्षाघात जास्त आढळल्याचे आपल्या लष्करी डॉक्टरांनी २००१-०२ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. थंडी आणि पाणी कमी पिणे हीही त्यातली कारणे. आपल्या गावची पोरे फौजेत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घोरण्याचेही तसेच. घोरता घोरता श्वास बंद पडतो, मग माणूस दचकून श्वास घेतो, असे रात्रभर चालत असेल तर प्राणवायू रोज रात्री खाली जातो, रक्तदाब चढतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. घरात यावर हसतात. हसून झाल्यावर डॉक्टरांना सांगा.

आता ऑक्सिमीटरविषयी. हे यंत्र चांगले, पण भोळे आहे. सावळ्या कातडीवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे करोनाच्या काळात अमेरिकेत सिद्ध झाले. चुलीच्या, शेकोटीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला, तर त्यालाही ते प्राणवायूच समजते. आणि रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा ९८ येईल, पण प्राणवायू वाहणाऱ्या पेशीच कमी, त्याचे काय? म्हणून आकडा चांगला आला म्हणून दम लागणे खोटे ठरत नाही. पण ९२-९३ च्या खाली वारंवार आला, तर वय म्हणू नका. दवाखान्यात नळीत फुंकून फुप्फुस तपासतात, ती स्पायरोमेट्री करून घ्या. आमच्या आयांनी जन्मभर फुंकणी फुंकली, एकदा स्वतःसाठीही फुंकावी.

आकडा सतत ८८ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर घरी प्राणवायू लावायला सांगतात, दिवसाचे १५ तास तरी. त्याने असे रुग्ण जास्त जगतात, हे १९८०-८१ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधल्या प्रयोगांत दिसले. पण मनाने सिलिंडर आणून नळी लावू नका. काहींना जास्त प्राणवायूनेच गुंगी येते, जीवावर बेतते.

आणि तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळली, यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि मांजरसुंब्यावरून सरळ बीड गाठा. त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिले तेच विचारतात. भावकीतले मोठे आले तरी गाडी वळवू नका.

एक लहानशी तक्रार आपल्या विहाराबद्दल. हिवाळ्यात खिडक्या लावून आपण शंभर अगरबत्त्या पेटवतो. भंतेजींची परवानगी असेल तर एकच लावू आणि खिडकी उघडू.

भोजनदानाला जाताना दाराशी आमचा नातू ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसला आहे. ज्यांच्या बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नाही त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी साफ बोट शोधून ठेवावे. साठीच्या पुढच्या बाया आधी, पुढारी नंतर.