आत्मरक्षण आणि पिस्तुलाची निवड



आत्मरक्षणासाठी कोणते पिस्तूल घ्यावे, हा प्रश्न मळ्यात एकाकी वस्ती करून राहणारा शेतकरी विचारतो, तसा रात्री रोकड घेऊन घरी परतणारा व्यापारीही विचारतो. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली आणि गोऱ्यांना तीतून सूट दिली. ही बोच इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली, पण डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. म्हणून आज शस्त्र मिळते ते १९५९ च्या कायद्याखाली, सरकारच्या परवान्याने.

हा कायदाच निवडीचे क्षेत्र पुष्कळसे आखून देतो. सैन्याच्या वापरातील नऊ मिलिमीटरसारखी काडतुसे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत. त्यामुळे त्याच्या वाट्याला प्रामुख्याने बत्तीस बोअरचे हत्यार येते. मग उरतो प्रश्न एवढाच, की रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

पिस्तूल चपटे असते, गोळ्या अधिक मावतात. पण मॅगझिन काढून घेतले तरी एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी राहू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलाने माणसे मेली आहेत ती याच गफलतीने. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सगळा हिशेब डोळ्यांपुढे येतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा घोडा ओढताच पुढचे समोर येते. नवख्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, असे आमचे मत आहे.

वजनाचे काय? २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावते, हे खरे. पण काडतूस तेच आणि हत्यार हलके, म्हणजे हाताला बसणारा धक्का अधिक. आखूड नळीने नेम साधणेही कठीण. तेव्हा जे मुठीत नीट बसते, ज्याच्या घोड्यापर्यंत बोट सहज पोहोचते आणि ज्याने नियमित सराव करवतो, तेच योग्य. सरावाची तयारी नसेल तर कोणतेच योग्य नाही.

आता खरी अडचण सांगतो. हत्यार कुलपात ठेवावे तर वेळेला हाती येत नाही. उशाशी ठेवावे तर पोराच्या हाती लागते. घरातल्या एखाद्या रागावलेल्या वा निराश झालेल्या माणसालाही ती उशी ठाऊक असते. चोर वर्षानुवर्षे येत नाही, घरची माणसे मात्र रोज तिथेच वावरत असतात. चाळीतल्या पातळ भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पाळणा असतो, आणि गोळी भिंत ओळखत नाही.

कायदाही ध्यानी घ्यावा. जुन्या दंडसंहितेतील स्वसंरक्षणाची तत्त्वे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आली आहेत. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. सरकारी संरक्षण मागण्याइतका अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही. नुसती चोरी करून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालण्याची मुभा नाही. हा निर्णय अंधारात, घाबऱ्या मनाने, दोन क्षणांत करावा लागतो!

म्हणून आधी आपल्या भयाची परीक्षा करा. भक्कम कडी, अंगणातला दिवा, भुंकणारे कुत्रे आणि हाकेला धावणारा शेजारी यांनी ते भागत असेल, तर तेवढ्यावर थांबा. भय खरे असेल, सराव होणार असेल आणि घरात पक्की तिजोरी असेल, त्याने मध्यम वजनाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यावे आणि तिजोरीची किल्ली आपल्या अंगावर बाळगावी.