मोबाइलमधलं पिल्लू घेणार कोण?

मागच्या बैठकीत एका ताईंनी 20 हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाला मोबाइलच्या खेळातले प्राणी घेऊन त्यांची पैदास करायची आहे म्हणे. आम्ही आधी हसलो. मग म्हटलं, शेळीच्या कर्जाला आपण दहा प्रश्न विचारतो, तसे इथंही विचारू.

असाच एक खेळ, ॲक्सी इन्फिनिटी, व्हिएतनामच्या कंपनीनं 2018 मध्ये काढला. तीन प्राणी असल्याशिवाय खेळता येत नसे. त्यात नर-मादी नाहीत, कुणाचीही जोडी लावायची. सख्खी भावंडं मात्र चालत नाहीत! डोळे, कान, शिंग, शेपूट आईबापांवर जातं, कधी आजोबांवरही. एका प्राण्याला सातच वेळा पिल्लं, आणि दर खेपेला खर्च वाढता.

2021 मध्ये, कोरोनात काम गेलेली फिलिपिन्समधली कितीतरी माणसं यावर घर चालवत होती. पैसा नसलेले दुसऱ्याचे प्राणी खेळवून कमाई वाटून घेत, आपण शेळी वाट्यानं पाळतो तसं.

पण खेळून मिळणारं नाणं लागायचं पैदाशीलाच, आणि पिल्लू घ्यायचा नवा खेळाडू. नवे येईनात, पिल्लं उदंड झाली, नाण्याचा भाव कोसळला. ज्यांनी उसने पैसे घालून प्राणी घेतले होते, त्यांचं काय झालं असेल? आपला बोकड निदान खाणारा घेतो. शेळी विकली नाही तरी दूध आहे, लेंडीखत आहे.

ताईंना आम्ही अजून नाही म्हटलेलं नाही. पुढच्या बैठकीला मुलालाच बोलावलंय, मोबाइल घेऊन. त्याचं पिल्लू शेवटी कोण घेणार, ते त्यानं आम्हांला दाखवावं.