प्रतिभा, परिश्रम आणि तिसरा हात

शाळा-कॉलेजांच्या वक्तृत्व स्पर्धांत एक विषय वर्षानुवर्षं हमखास असतो : यशासाठी प्रतिभा महत्त्वाची की परिश्रम? परीक्षक म्हणून मी ही भाषणं पुष्कळदा ऐकली आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणी तयारच असतात. एक जण ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतो, दुसरा ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं विचारतो. टाळ्या दोघांनाही पडतात, आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबरच असतं.

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न हाताळला आहे. १९९३ साली अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या उत्तम वादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तास एकट्यानं सराव केला होता. पुढे हा आकडा इतका गाजला, की दहा हजार तास घासलं की कोणीही उस्ताद होतो, असं लोक समजू लागले. २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. माणसामाणसांच्या कौशल्यात जो फरक दिसतो, त्यातला सरावाचा वाटा संगीतात सुमारे २१ टक्के आणि खेळात १८ टक्के निघाला. म्हणजे सराव लागतोच, पण एकटा पुरत नाही. मग उरलेलं सगळं उपजत का? तसंही नाही. शिकायला कधी मिळालं, गुरू कोण भेटला, घरची परिस्थिती काय होती, हे सारं त्या उरलेल्यात येतं.

मी कवी आहे, म्हणून कवितेचंच उदाहरण घेतो. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. अक्षरओळख नाही. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य. शेत, चूल, जातं, यातच आयुष्य गेलं. प्रतिभा म्हणाल तर अशी, की भल्याभल्या पदवीधरांनी मान खाली घालावी. कष्ट म्हणाल तर ते जन्मभर. पण एवढ्यानं बहिणाबाई आपल्यापर्यंत पोचल्या असत्या का? त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी ऐकता ऐकता उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती वही लिहिली गेली नसती, तर ते सगळं जात्यावरच विरून गेलं असतं.

आणि तसं किती विरलं असेल! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायकांपैकी कितीजणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

दुसरं उदाहरण कुस्तीचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वडील पैलवान, म्हणजे तालीम घरातच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तांबड्या मातीत घुमलेल्या या पैलवानाला तिथं मॅटवर लढावं लागलं होतं. पुढची चार वर्षं त्यांनी जीव तोडून मेहनत केली. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळालं थेट १९९६ मध्ये, टेनिसमध्ये लिएंडर पेसला. मधल्या ४४ वर्षांत या एवढ्या मोठ्या देशात गुणी आणि कष्टाळू मुलं जन्मलीच नाहीत, असं कोण म्हणेल?

माझ्या घरची बोली दखनी. मराठी मी गल्लीत आणि शाळेत शिकलो. ओळ कुठं अडखळते हे कानाला कळायचं. ते वरून मिळालेलं. का अडखळते हे कळायला मात्र वह्याच्या वह्या खरडाव्या लागल्या. पण आमच्या गावच्या वाचनालयात एक ग्रंथपाल होते. वर्गणी थकली तरी ते मला पुस्तक द्यायचे, आणि परत करताना ‘काय वाचलंस?’ एवढंच विचारायचे. माझ्या वाट्याला जे थोडंफार यश आलं, त्यात त्या दोन शब्दांचा हिस्सा किती, हे कुठल्या तराजूनं मोजू?

हा वाद नुसता वक्तृत्व स्पर्धेपुरता असता तर बिघडलं नसतं. पण त्यातून दोन वाक्यं घराघरांत शिरली आहेत. दहा वर्षांच्या पोराला आपण सांगून मोकळे होतो, ‘गणित तुझ्या डोक्यात नाहीच.’ आणि जो मागे राहिला त्याला म्हणतो, ‘कष्ट कमी पडले.’ कष्टानंच सगळं मिळत असतं, तर पहाटे चारला उसाच्या फडात उभी राहणारी बाई साखर कारखान्याची मालकीण झाली असती. तिच्याबरोबर गाव सोडून फिरणाऱ्या मुलीची शाळा दर वर्षी अर्ध्यात सुटते. तिच्यात काय गुण आहेत, हे तिलाही कळायला वाव मिळत नाही.

म्हणून मुलांना मेहनत जरूर शिकवावी. तेवढंच आपल्या हातात असतं. कोणामध्ये किती गुण आहेत, हा निवाडा मात्र लवकर देऊ नये. आणि यशस्वी माणसाला ‘तुझ्याकडे काय होतं?’ असं विचारतो, तसं ‘तुला कोणी हात दिला?’ हेही विचारावं.

तुमच्या आसपास आजही एखादी बहिणाबाई दळत असेल, एखादा खाशाबा भाड्याचे पैसे नाहीत म्हणून घरीच बसला असेल. गुण त्यांचे आहेत, कष्ट तेच करणार आहेत. वही उघडून शेजारी बसायचं काम तेवढं आपलं आहे.