फाशाच्या पोटातले शिसे

जय जय राम कृष्ण हरी.

मायबाप श्रोतेहो, आणि हे पुस्तक हाती घेऊन घरी बसून वाचणाऱ्या सज्जनहो, आज निरूपणाला विषय घेतला आहे खोट्या फाशाचा. देवाच्या दारात जुगाराची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण वेदांनीही ती टाळलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे ते सगळे जुगाऱ्याचेच. घर मोडलेला, बायको दुरावलेला, तरी फासे खुळखुळले की पाय तिकडेच वळतात, असा तो माणूस. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती मोजल्या, त्यात फसवणाऱ्यांमधले द्यूत मी आहे, असेही सांगून ठेवले. तेव्हा विषय आपलाच आहे.

आधी खोटा फासा म्हणजे काय, ते समजून घ्या. खऱ्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते. एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तिनासमोर चार. आता एकाच्या बाजूला आतून कोरून थोडे शिसे भरले, तर ती बाजू जड होते. जड ते खाली जाते आणि वर सहा दिसतात. दर वेळी नाही हो! दर वेळी पडले तर कोणालाही कळेल. पण पुष्कळ वेळा पडतात, आणि लुबाडणाऱ्याला तेवढे पुरते. दुसरा प्रकार असा की, फाशावर काही आकडे दोनदा कोरायचे आणि काही गाळायचे. फासा समोर ठेवला तर आपल्याला एका वेळी तीनच बाजू दिसतात. मागच्या तीन बाजूंवर काय आहे, हे आपण विश्वासाने धरून चालतो. फसवणूक होते ती त्या विश्वासाच्या जागी.

हे पूर्वीच्यांना ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख करणारा सरकारी अधिकारी सांगितला आहे. फासे त्यानेच पुरवायचे. कोणी गुपचूप बदलले, तर बारा पण दंड.

आता माझी गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मी चौदा वर्षांचा होतो. गुरुजींच्या मागे झांज घेऊन उभा राहायचो. एका जत्रेत कीर्तन झाले. गुरुजींनी बिदागीतले एकवीस रुपये माझ्या हातावर ठेवले. "आईला नेऊन दे," म्हणाले. वडील नव्हते. त्या एकवीस रुपयांवर घरचा महिन्याचा किराणा होता.

देवळामागे एकजण कापड अंथरून बसला होता. एका बाजूला लहान, एका बाजूला मोठा. एक-दोन-तीन पडले तर लहान, चार-पाच-सहा पडले तर मोठा. डब्यात फासा घालायचा, हलवायचा, पालथा करायचा. मी एक रुपया लावला, दोन झाले. दोन लावले, चार झाले. मग जायला लागले. मधेच माझ्या लक्षात आले की, हा गडी फासा उचलताना मूठ मिटतो. मी मोठ्यावर लावले की एक फासा येतो, लहानावर लावले की दुसरा. संशय आला, तरी उठलो नाही. एकवीसचे एकवीस गेले.

रात्री गुरुजींच्या पायाशी बसून रडलो. ते रागावले नाहीत. ट्रंक उघडली आणि कापडात गुंडाळलेला एक फासा काढला. एका जादूगाराने तो त्यांना दिला होता. जादूगार लोकांना हसवायला वापरायचा, गुरुजी द्यूताच्या आख्यानात वापरायचे. काचेच्या पेल्यात पाणी घेतले आणि म्हणाले, "टाक." मी टाकला. तो पाण्यात सावकाश वळला आणि तळाशी बसला. वर सहा. परत टाकला. सहा. चार-पाच वेळा टाकला, तेच.

मी म्हटले, "म्हणजे त्याने मला फसवलं, गुरुजी!"

"फसवलं. तुला संशय कधी आला?"

"मध्येच आला होता."

"मग उठला का नाहीस?"

मी खाली बघत म्हणालो, "वाटलं, त्याची खोड मला कळली आहे. मीच त्याला लुटीन."

गुरुजी म्हणाले, "बाळ, त्याचं शिसं फाशात होतं. तुझं कुठे होतं?"

मायबाप, या प्रश्नासाठी आता महाभारतात चला. शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते ही कथा लोकांत रूढ आहे, व्यासांच्या भारतात ती नाही. व्यास एवढेच सांगतात की तो कपटाने खेळला. आणि धर्मराजाला हे ठाऊक नव्हते का? खेळायला बसण्याआधी तोच शकुनीला म्हणतो की द्यूत हे कपट आहे, पाप आहे, यात पराक्रम नाही. मग बसला का? बोलावल्यावर माघार घेणार नाही, हे कारण त्याने सभेत सांगितले. खरे कारण पुढे वनपर्वात येते. भीम त्याला टाकून बोलतो, तेव्हा धर्मराज कबूल करतो की, दुर्योधनाचे राज्य घ्यावे या इच्छेनेच मी फासे हाती घेतले. बघा! प्रत्यक्ष धर्म, पण त्या घटकेला त्याच्याही पोटात शिसे होते. राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला आणि द्रौपदीला भर सभेत ओढून आणली. शकुनीचे पाप कमी होत नाही. पण धर्मराजाने आपला वाटा लपवला नाही, म्हणून तो धर्मराज.

मग फाशाचे ज्ञानच वाईट का? नाही. त्याच वनात बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा सांगतात. कलीने झपाटलेला नल पुष्कराशी खेळून राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाकडे बघून पाने-फळे मोजून दाखवली आणि नलाला अक्षहृदय शिकवले, म्हणजे फाशाचे रहस्य. त्या क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. नलाने राज्य परत जिंकले, आणि पुष्कराला लुटले नाही, त्याचे त्याला देऊन घरी पाठवले. बृहदश्वांनी तेच अक्षहृदय धर्मराजाला दिले. कशासाठी? परत कोणी फसवील, हे भय जावे म्हणून. ज्ञान तेच. कोणी त्याने घर बुडवतो, कोणी त्याने कली घालवतो.

गुरुजींनी मला पैसे भरून दिले नाहीत. "घरी जा आणि आईला खरं सांग," म्हणाले. सांगितले. आई पीठ मळत होती. तिने ऐकले, आणि मळतच राहिली. तो महिना कसा काढला, हे तिने मला कधी कळू दिले नाही.

तो फासा गुरुजींनी जाताना मला दिला. मी तो पोरांना पाण्यात टाकून दाखवतो. मागे कीर्तनानंतर एक तरुण आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बुवा, यातला फासा पाण्यात कसा टाकायचा?" मी निरुत्तर झालो. मग म्हटले, "तो नाही टाकता येत, बाबा. तू स्वतःला टाक. एक दिवस याला हात लावू नकोस. मन कुठल्या बाजूला वळतं ते बघ." चार दिवसांनी आला. म्हणाला, "एक दिवसही जमलं नाही." मी म्हटले, "मग शिसं सापडलं. आता घरी जाऊन कर्ज किती झालंय ते वडिलांना सांग." "तुम्ही चला," म्हणाला. गेलो. वडील खूप बोलले. पण आकडा बाहेर आला, आणि घरातले चौघे मिळून फेडायला लागले.

वाचणाऱ्या मायबापांनो, तुमच्या घरातही असा कोणी मान खाली घालून बसलेला असेल, तर त्याला हाकलू नका. आधी त्याला बोलू द्या. आणि आपण स्वतः नामाच्या पाण्यात रोज एकदा मन टाकून बघावे. ते कुठे वळते, ते आपले आपल्याला कळते.

बोला पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!